एक भूमिका, दोन कलावंत

सन १८८० हे साल मराठी नाट्यरसिकाला निराळे सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढे दोन पिढ्यांना वेड लावणाऱ्या संगीत नाटकाचा पाया घातला गेला. त्याच्या महिना-दीड महिना आधी, सप्टेंबरात, इटलीतील मिलान शहरी एक परिषद भरली होती. बहिऱ्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांची ती आंतरराष्ट्रीय परिषद. तेथे असा ठराव झाला की, बहिऱ्या मुलांना शिकविताना हातांच्या खुणांची भाषा वापरू नये. समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखावे, आपल्या गळ्यातून शब्द काढावेत, हीच शिक्षणाची शुद्ध पद्धत समजावी. ठरावासाठी जमलेल्या १६४ प्रतिनिधींपैकी स्वतः बहिरा असा एकच होता.

पुण्यात गळ्याचा गौरव झाला आणि मिलानला हातांवर बंदी आली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या हातांना मिलानने गप्प केले त्याच हातांनी एक संगीत नाटक गावे, आणि त्या नाटकात मिलानच्या ठरावाचीच सावली पडलेली असावी, हा योग २०१५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जुळून आला. त्या प्रयोगाची, आणि त्याच्या आधी ज्यांनी ती वाट पाडली त्यांची माहिती द्यावी, असा आजचा बेत आहे.

कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने नाटकाविषयी का बोलावे, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. उत्तर असे की, या नाटकांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आमच्या रोजच्या कामातला आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या वतीने बोलायचे म्हणजे नेमके काय करायचे? त्याचा आवाज व्हायचे, की त्याचा आवाज आपल्या खिशात घालायचा? बहिऱ्या आणि ऐकत्या कलावंतांनी मिळून केलेल्या संगीत नाटकात हा प्रश्न डोळ्यांना दिसतो, तसा तो आम्हांस दुसरीकडे क्वचितच दिसला.

प्रथम भाषेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सगळा गैरसमज तेथे आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये जो उभा राहिला आहे त्याला ठाऊक आहे की, तेथे तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. बॉबिन संपली, मुकादम आला, चहाला चला, हे सारे हाताच्या इशाऱ्यांनी चालते. हे इशारे कामापुरते असतात. त्यांत आजारी मुलाची हकीकत सांगता येत नाही, की मागल्या दिवाळीच्या बोनसचा हिशेब मांडता येत नाही. बहिऱ्यांची भाषा, जिला हल्ली सांकेतिक भाषा म्हणतात, ती या जातीची नव्हे. तिच्यात बोनसचा हिशेब मांडता येतो, त्यावर वाद घालता येतो, खोटे बोलता येते, थट्टा करता येते आणि कविताही करता येते. नृत्यातल्या हस्तमुद्रांशीही तिची गल्लत करू नये. मुद्रांनी शकुंतलेचा विरह दाखविता येईल. दुष्यंताने पोटगी किती द्यावी, याची घासाघीस त्यांनी करता येणार नाही.

विल्यम स्टोको नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली हे शास्त्रोक्त रीतीने दाखवून दिले. त्याने सांगितले की, प्रत्येक खुणेचे तुकडे पाडता येतात. पंजाचा आकार कोणता, तो शरीराच्या कोणत्या जागी आहे आणि तो कसा हलतो, या तुकड्यांच्या जुळणीतून, अक्षरांतून शब्द व्हावेत तसे, या भाषेतले शब्द होतात. व्याकरणाचा पुष्कळ भाग तर चेहऱ्यावर असतो. अमेरिकन खूणभाषेत 'हो की नाही' असा प्रश्न असला तर भुवया वर जातात. 'कोण, काय, का' असा असला तर त्या आवळल्या जातात. हात तेच राहतात आणि भुवयांनी अर्थ बदलतो. शिवाय ही भाषा जगभर एकच आहे, असेही नाही. इंग्लंड व अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तेथल्या बहिऱ्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. अमेरिकेची खूणभाषा फ्रान्सच्या भाषेला जवळची आहे. कारण १८१७ साली हार्टफर्ड येथे जी शाळा निघाली, तिला लोराँ क्लेर हा बहिरा फ्रेंच शिक्षक मिळाला होता. आपल्या देशातली भारतीय सांकेतिक भाषा या दोहोंहून निराळी.

आता मिलानच्या ठरावाने काय घडले ते पाहू. युरोपात आणि अमेरिकेत शाळांमागून शाळांनी खुणा बंद केल्या. हात हलविला म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या. आणि ज्याचा उल्लेख फार थोडे लोक करतात ते असे की, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. जो स्वतः ऐकू शकत नाही तो उच्चार कसा शिकविणार, असा सवाल टाकून त्यांना घरी बसविले गेले. एका भाषेवरची बंदी ही अशी पोटावरची बंदी होते. या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतील अधिवेशनाने व्हँकूव्हर येथे जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी.

बंदी शाळेत होती. वसतिगृहात, मंडळांत, घरांत भाषा जिवंत राहिली. तिच्यातून नाटकही आले. १९६७ साली अमेरिकेत 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ' ही फिरती मंडळी निघाली. तिने बहिऱ्या नटांबरोबर काही ऐकते नट ठेवले. ते मंचावरच उभे राहून आवाज देत. पुढे १९९१ साली एड वॉटरस्ट्रीट या बहिऱ्या नटाने लॉस एंजेलिस येथे 'डेफ वेस्ट थिएटर' स्थापन केले. संगीत नाटकाचे धाडस या संस्थेने केले. मार्क ट्वेनच्या हकल्बरी फिनच्या कादंबरीवर 'बिग रिव्हर' नावाचे संगीत नाटक आहे. ते मूळ १९८५ सालचे. ते डेफ वेस्टने २००१ साली आपल्या लहानशा नाट्यगृहात नव्या रीतीने बसविले आणि २००३ साली ते ब्रॉडवेवर गेले. दिग्दर्शक जेफ कॅल्हून. त्यानंतर 'स्प्रिंग अवेकनिंग' हे नाटक मायकेल आर्डन याने २०१४ साली लॉस एंजेलिसला बसविले आणि पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात ते ब्रॉडवेवर आले.

बहिरा नट गातो कसा? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याच रंगभूमीकडे एकदा पाहावे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे म्हणत असे सूत्रधार, आणि अभिनय करीत असे पात्र. गळा एकाचा, देह दुसऱ्याचा, आणि प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नसे. पुढे बोलपटांत पार्श्वगायन आले. पडद्यावरची नायिका ओठ हलविते, आवाज दुसरीचा असतो, हे आपण सारे जाणतो आणि तरी गहिवरतो. तेव्हा एका पात्राला दोन माणसांनी मिळून उभे करावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. फरक एवढाच की, बोलपटात आवाज देणारी बाई पडद्यामागे राहते, आणि येथे ती पात्राच्या शेजारी, उजेडात उभी असते.

'स्प्रिंग अवेकनिंग'ची नायिका वेंड्ला. ही भूमिका सँड्रा मे फ्रँक या बहिऱ्या नटीने केली. तिचा गळा झाली केटी बोएक. आरंभीच्या पदाला दोघी एका रिकाम्या आरशाच्या चौकटीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहतात. एक मुलगी आरशात पाहते आहे आणि प्रतिबिंब तिला आवाज देते आहे, असा भास होतो. पुढच्या दोन तासांचा करार प्रेक्षकाशी तेथेच होतो. मोरिट्झ या मुलाची भूमिका डॅनियल ड्युरंट या बहिऱ्या नटाची. त्याचा आवाज गिटार घेऊन त्याच्या आसपास वावरतो.

'बिग रिव्हर'मध्ये हकचे काम टायरोन जिओर्डानो या बहिऱ्या तरुणाने केले. त्याला आवाज दिला डॅनियल जेन्किन्स याने. हा जेन्किन्स १९८५ सालच्या मूळ प्रयोगात स्वतः हक झाला होता. २००३ साली तो मार्क ट्वेन होऊन निवेदन करीत होता आणि तोच हकचा गळाही होता, म्हणजे लेखकच आपल्या पात्राला आवाज देत होता. हकचा दारुडा बाप तर दोन नटांनी मिळून केला. एक बहिरा, ट्रॉय कोत्सुर. दुसरा ऐकता, लाइल कनूज. दोघांचा वेष सारखा, झिंग सारखी. एकाच बापाची दोन अंगे एकाच वेळी पोरावर धावून येतात, तेव्हा आवाज देणारा हा नुसता दुभाषी राहत नाही, तो त्या दहशतीचा निम्मा भाग होतो.

तिसरी एक रीत आहे. ऐकत्या नटानेच गावे आणि स्वतःच खुणाही कराव्यात. 'बिग रिव्हर'मधला पळालेला गुलाम जिम, म्हणजे मायकेल मॅकेलरॉय, असे करीत होता. 'स्प्रिंग अवेकनिंग'चा नायक मेल्किओर, म्हणजे ऑस्टिन मॅकेन्झी, हाही. ऐकताना हे सोपे वाटते, पण इतके अवघड दुसरे काही नसेल. इंग्रजी वाक्याची रचना एक आणि खूणभाषेची दुसरी. खूणभाषा बहुधा काळ आधी सांगते, विषय आधी मांडते, मग त्यावर बोलते. तोंडाने एका क्रमाने बोलायचे आणि त्याच क्षणी हातांनी दुसऱ्या क्रमाने सांगायचे, म्हणजे डाव्या हाताने जमाखर्च आणि उजव्या हाताने कविता लिहिण्यासारखे आहे. एका भाषेला दुसरीच्या मागे फरफटत नेले की ती लंगडी होते. म्हणून ही रीत सर्वांना पेलत नाही आणि सर्व ठिकाणी वापरावीही असे नाही.

मूळ काम असते ते भाषांतराचे. पदाचा शब्दन् शब्द खुणेत घालून चालत नाही. अर्थ घ्यायचा, आणि तो चालीत बसवायचा. समजा, पदात एक ओळ अशी आहे की, नदीपलीकडे दिवा दिसतो. गळ्याला हे शब्द एकामागून एक काढावे लागतात. हातांना तसे बंधन नाही. खूण करणारा आधी आपल्यासमोर हवेत नदी मांडतो, तिच्या पैलतीरावर दिवा ठेवतो आणि डोळे तिकडे लावतो. एकदा मांडलेली नदी तेथेच राहते; पुढच्या कडव्यात त्या जागेकडे नुसते बोट केले तरी पुरते. गाण्यात यमक असते तसे येथेही साधता येते: एकाच आकाराचा पंजा वेगवेगळ्या खुणांत फिरून फिरून आला की डोळ्याला यमकाचा आनंद मिळतो. गायक एखादा स्वर लांबवितो, तेव्हा खूणही सावकाश उलगडत जाते. आणि समूहगीतात वीस-पंचवीस जणांचे हात एकदम उठतात, तेव्हा नाच कोणता आणि शब्द कोणता, हे वेगळे काढता येत नाही.

हे भाषांतर करणारे जाणकार निराळे नेमलेले असतात. ते स्वतः बहुधा बहिरे असतात. तालमीला समोर बसून ते पाहतात की खूण स्वच्छ उमटते की नाही, मागच्या रांगेतून वाचता येते की नाही, चालीच्या घाईत तिचा अर्थ तर बदलत नाही ना. पुष्कळदा पदाची खूण ठरते, तालमीत ती अपुरी पडते, आणि सारे पुन्हा करावे लागते. ज्याला आपण नुसते 'हातवारे' म्हणतो, त्यामागे असे आठवड्यांचे काम असते.

या भाषेमुळे रंगमंचाचे सारे नियमही बदलतात. अंधार करता येत नाही. अंधारात प्रेमाचे बोलणे म्हणजे येथे मुके बोलणे. प्रकाश चेहऱ्यावर आणि हातांवर हवाच. टोपीची कड भुवयांवर सावली पाडीत असेल तर ती टोपी व्याकरण खाते. नक्षीदार अंगरख्यापुढे बोटे हरवतात, म्हणून हात उठून दिसतील असे कपडे लागतात. आपल्या नटाच्या हातात काठी असते, पेला असतो, पत्र असते; बहिऱ्या नटाच्या हातात पेला दिला की त्याच्या तोंडावर अर्धा बोळा कोंबल्यासारखे होते. पेला कधी उचलायचा आणि कधी ठेवायचा, हे संवाद पाहून ठरवावे लागते. दोन पात्रांनी एकमेकांना मिठी मारली की दोघांचे बोलणे थांबते. तेव्हा मिठीसुद्धा जपून वापरायची.

आता ठेक्याचा प्रश्न. वाद्यवृंद वाजतो आहे. बहिऱ्या नटाने समेवर हात कसा टाकायचा? लोकांची समजूत अशी की, पायाखालच्या फळ्या थरथरतात आणि त्यावरून त्यांना ताल कळतो. काही प्रमाणात हे खरे आहे. ढोलाचा खर्ज अंगाला जाणवतो. परंतु त्यावर सबंध नाटक चालत नाही. नाटक चालते ते मोजणीवर, घोकंपट्टीवर आणि एकमेकांकडे लक्ष ठेवण्यावर. आवाज देणारी नटी नायिकेच्या खांद्यावर हात ठेवते. प्रेक्षकाला ती माया वाटते, आणि ती मायाही असते, पण त्याच क्षणी तो पदाच्या सुरुवातीचा इशाराही असतो. कोणी मान वळवितो, कोणी पाऊल पुढे टाकतो, कोपऱ्यातला एखादा दिवा किंचित उजळतो. शेकडो इशारे असे नाटकाच्या कापडात विणलेले असतात आणि बाहेरून त्यांची शिवण दिसत नाही.

आपल्या संगीत नाटकात नटाला मोकळीक मोठी. रंग चढला की त्याने ताना घ्याव्यात, 'वन्स मोअर' आला की पद पुन्हा म्हणावे, तबलजीने सांभाळून घ्यावे. या नाटकात ती चैन परवडत नाही. गाणाऱ्याने एक मात्रा लांबविली तर समोरच्याचे हात अधांतरी राहतील. ज्याला ऐकू येते त्याने आपल्या गळ्याची हौस आवरायची आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्या गतीशी इमान राखायचे. मागावर दोघे मिळून काम करणारांना ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही.

या सर्व मेहनतीचा अर्थ 'बिग रिव्हर'मधल्या एका क्षणी उघड होतो. प्रकाशाची वाट पाहण्याविषयीचे एक समूहगीत आहे. सारी मंडळी गात आहेत, हात चालू आहेत, वाद्ये भरात आहेत. आणि एकदम वाद्ये थांबतात, गळे थांबतात. हात तेवढे चालू राहतात. सबंध नटसंच, बहिरे आणि ऐकते, निःशब्द गातो. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. आतापर्यंत कानांनी गाणे ऐकणाऱ्या प्रेक्षकाला ते कडवे डोळ्यांनी घ्यावे लागते, आणि त्याला ते कळते. कारण चाल त्याच्या मनात असते आणि खुणा तो मघापासून पाहत आलेला असतो. बहिऱ्याच्या खुर्चीवर बसून जग कसे दिसते, ते त्याला उपदेशावाचून कळते. पुढे २००४ साली टोनी पुरस्कारांच्या वेळी या प्रयोगाला खास सन्मान मिळाला, तो कोणा एका ताऱ्याला नव्हे, सबंध नटसंचाला. आम्हांस हे विशेष वाटले.

'स्प्रिंग अवेकनिंग'मध्ये अर्थाची आणखी एक पायरी आहे. मूळ नाटक फ्रांक वेडेकिंड या जर्मन लेखकाचे, १८९१ सालचे. वयात येणाऱ्या मुलांना वडीलधारे काही सांगत नाहीत, त्यांचे काही ऐकून घेत नाहीत, आणि त्यात मुलांचा बळी जातो, अशी ती कथा. आर्डनच्या लक्षात आले की, हा काळ मिलानच्या ठरावानंतरचा आहे. त्याने नाटकातली शाळा त्या ठरावाच्या अमलाखालची केली. तेथे मुलांना खुणांना मज्जाव आहे. मोरिट्झला मास्तर पाठ म्हणावयास सांगतो आणि तो अडखळतो. त्याला उत्तर येत नाही असे नव्हे, त्याच्या हातांना उत्तर देण्याची परवानगी नाही. मूळ नाटकात वडीलधारे रूपकार्थाने बहिरे होते. या प्रयोगात कान शाबूत असणारेच ऐकेनासे झाले. नाटकाचा एक शब्द न बदलता त्याचा अर्थ कसा वाढतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

येथवर गुण सांगितले. आता आक्षेपही सांगितले पाहिजेत, कारण ते खुद्द बहिऱ्यांकडूनच येतात. पहिला आक्षेप असा की, संगीताच्या ठेक्याला बांधलेली खूण बहिऱ्या प्रेक्षकाला पुरेपूर कळते काय? गाणे वेगाने पळाले की खुणा तुटतात; मग त्या ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना सुंदर दिसतात आणि ज्यांची ही भाषा आहे त्यांनाच कोड्यात टाकतात. दुसरा असा की, ऐकणाऱ्याला गाणे आणि हात दोन्ही मिळतात, बहिऱ्याला एकच. मग भरलेले ताट कोणाचे? हे आक्षेप भाषांतर करणाऱ्या जाणकारांच्या कसोटीचे आहेत. प्रयोग चांगला की वाईट, ते त्यांना मिळालेल्या वेळेवर आणि अधिकारावर ठरते.

तिसरा आक्षेप निर्मात्यांचा, आणि तो आमच्या परिचयाचा आहे. एका भूमिकेला दोन माणसे घ्यायची म्हणजे दोन पगार द्यायचे. हे परवडणार कसे? आमचे उत्तर साधे आहे. संगीत नाटकाला तबलजी लागतो, ऑर्गनवाला लागतो. त्यांच्यावाचून नट एकटा गाईल, खर्च वाचेल, असे कोणी निर्माता म्हणत नाही. साथ ही चैन नव्हे, ती नाटकाचा भाग आहे, हे सर्वांनी मान्य केले आहे. मग बहिऱ्या नटाचा गळा आणि गाण्याचे हात हे फालतू खर्चाच्या सदरात का टाकायचे? हे प्रयोग ब्रॉडवेवर वर्षानुवर्षे चालले नाहीत, हे खरे. 'बिग रिव्हर' २००३ च्या उन्हाळ्यात दोन महिने, आणि 'स्प्रिंग अवेकनिंग' सप्टेंबर २०१५ ते जानेवारी २०१६. पण अशा संस्थेत घडलेली माणसे पुढे कोठे गेली तेही पाहावे. दारुड्या बापाचे काम करणारा ट्रॉय कोत्सुर याला 'कोडा' या चित्रपटातील भूमिकेसाठी २०२२ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच चित्रपटात त्याच्या मुलाचे काम डॅनियल ड्युरंटने केले, 'स्प्रिंग अवेकनिंग'चा मोरिट्झ. बहिऱ्या माणसाची भूमिका बहिऱ्याने करावी, इतकी साधी गोष्टही पूर्वी घडत नसे. ऐकते नट चार खुणा शिकून ती कामे घेत आणि बहिरे नट घरी बसत.

येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. वॉशिंग्टन येथे बहिऱ्यांसाठी गॅलाडेट विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचे. १९८८ सालच्या मार्चपर्यंत त्याला एकही बहिरा अध्यक्ष लाभलेला नव्हता. त्या महिन्यात नियामक मंडळाने पुन्हा एका ऐकत्या बाईंची नेमणूक केली. त्यांना खूणभाषा येत नव्हती. विद्यार्थ्यांनी फाटके बंद केली आणि संप पुकारला. मागण्या चार: अध्यक्ष बहिरा हवा, मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा द्यावा, मंडळात बहिऱ्यांचे बहुमत हवे, आणि संपात भाग घेतलेल्या कोणावरही सूडाची कारवाई होऊ नये. ही चौथी मागणी वाचून कोणाही संघटनेच्या कार्यकर्त्याला ही माणसे आपलीच आहेत असे वाटेल. आठवड्याभरात चारही मागण्या मान्य झाल्या. त्या संपाचे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर असे: आमच्याविषयी प्रेमाने बोलणारे पुष्कळ झाले, आता आम्हांला बोलू द्या.

या नाटकातला आवाज देणारा नट आम्हांस म्हणून महत्त्वाचा वाटतो. त्याच्याजवळ गळा आहे, सभागृहातले बहुतेक लोक त्याचेच ऐकत आहेत. मनात आणले तर नाटक तो सहज आपल्याकडे ओढून घेईल. तो तसे करीत नाही. त्याची नजर पात्रावर असते, प्रेक्षकांवर नसते. वाक्य पात्राच्या हातांत सुरू होते तेव्हा सुरू करायचे आणि पात्राचे हात थांबले की थांबायचे, हा त्याचा धर्म. संघटनेत काम करणारांनाही अगदी हेच शिकावे लागते. वाटाघाटीच्या टेबलावर बोलणारा एक असतो. पण तो आपल्या मनचे बोलू लागला, की खात्यात उभ्या असलेल्या माणसाचे हात हलत राहतात आणि शब्द भलतेच बाहेर पडतात. आवाज देणे आणि आवाज घेणे यांत अंतर फार थोडे असते. रंगमंचावर ते अंतर सर्वांच्या देखत असते. म्हणून तेथे लबाडी पकडली जाते.

आपल्याकडची स्थिती या विषयाला अनुकूल होत चालली आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनाची व शिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषेला जागा दिली. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक या देशात नोंदले गेले. संगीत नाटकाची परंपरा तर आमच्या घरची. तेव्हा मराठी पदे मराठी मुलखातल्या बहिऱ्या कलावंतांनी हातांनी गावीत, ही कल्पना अशक्य कोटीतील नव्हे. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांपैकी वाचिक हे फक्त गळ्यातूनच यावे असे नाही, एवढेच नव्याने मान्य करावयाचे आहे.

मात्र तो दिवस आला म्हणजे आपण प्रेक्षकांनी काही साध्या चौकशा कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पदांचे खुणांत भाषांतर कोणी केले? ते बरोबर नाही असे म्हणण्याचा अधिकार तालमीत कोणा बहिऱ्या माणसाला होता काय? बहिऱ्या नटाला आणि त्याला आवाज देणाऱ्याला मोबदला सारखा मिळाला, की एकाला बिदागी आणि दुसऱ्याला शाल-श्रीफळ? बहिऱ्या प्रेक्षकांना हात दिसतील अशा खुर्च्या दिल्या, की उरलेल्या? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर खुशाल टाळ्या वाजवाव्यात. बहिऱ्यांच्या मेळाव्यात टाळी वाजवीत नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवितात. तेवढी एक खूण आजपासूनच शिकून ठेवण्यास हरकत नाही.